सुखासाठी काय सोडावं आणि काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुख हवं तर काहीतरी सोडावं लागणार, हे सगळ्यांना मान्य असतं. घोळ पुढे होतो. काय सोडायचं, कुणाच्या वाटणीचं सोडायचं आणि सोडलेलं पुन्हा हाती लागणार का, हे बहुतेक वेळा कुणी ठरवतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. विचार करून, उघड्या डोळ्यांनी जे सोडलं त्याची खंत माणूस पचवतो. न ठरवता जे निसटत गेलं ते मात्र मन खात राहतं. खालची उत्तरं याच मताने लिहिली आहेत.

लोक सुखासाठी नेमकं काय काय सोडतात?

सगळ्यात आधी झोप. तिची बाजू घेऊन भांडायला कुणी येत नाही, म्हणून पहिली गदा तिच्यावर. मग मैत्री. मग व्यायाम, वाचन, गाणं, जे काही निव्वळ स्वतःसाठी असतं ते. त्यानंतर घरच्यांसोबतचा वेळ आणि सरतेशेवटी तब्येत.

मैत्री कशी जाते ते बघा. मित्राचा फोन येतो, तुम्ही मीटिंगमध्ये असता, कट करता. ‘नंतर करतो’ असा मेसेज जातो. रात्री आठवण होते, पण साडेअकरा वाजलेले असतात, उद्या करू. चार दिवसांनी फोन करायचा तर आधी ‘सॉरी रे’ म्हणावं लागणार, म्हणून तोही टळतो. दोन महिन्यांनी त्याच्या वाढदिवसाला ग्रुपवर इतरांच्या शुभेच्छांखाली आपलीही एक ओळ टाकायची आणि मोकळं व्हायचं. यात भांडण नाही, अबोला नाही, ‘आता मैत्री नको’ असं कुणी म्हटलेलं नाही. तरी मैत्री गेलीच.

सोडायला सगळ्यात जड जाते ती चारचौघांतली पत. कमी पगाराची पण मनासारखी नोकरी घ्यायला बरेच जण तयार होतात. ती नातेवाइकांना सांगायची वेळ आली की पाय मागे येतो.

जास्त पगारासाठी झोप आणि मोकळा वेळ देणं परवडतं का?

काही काळ परवडतं. डोक्यावर कर्ज असेल, घरात आजारपण असेल, तर त्याला पर्यायही नसतो आणि त्यात चूकही काही नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा ‘काही काळ’ कधी संपणार हे ठरलेलंच नसतं.

अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांपुढे दोन काल्पनिक नोकऱ्या ठेवल्या होत्या: एकीत वर्षाला ८०,००० डॉलर आणि रात्री साडेसात तास झोप, दुसरीत १,४०,००० डॉलर आणि सहाच तास झोप. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले. कुठल्या नोकरीत तुम्ही जास्त सुखी असाल? आणि प्रत्यक्षात कुठली घ्याल? बहुतेकांची दोन्ही उत्तरं जुळली. पण ज्यांची जुळली नाहीत त्यांचा कल एकाच बाजूला होता: सुख पहिल्या नोकरीत आहे हे कळत असूनही ते दुसरी घेणार होते. म्हणजे झोप देऊन पैसा घेताना आपण सुखाकडे चाललो आहोत असं त्यांनाही वाटत नव्हतं.

झोपेचं आणखी एक आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलं. त्यांचं लक्ष आणि स्मरणशक्ती दिवसागणिक ढासळत गेली, पण आपण किती ढासळलो आहोत याची त्यांना फारशी जाणीव नव्हती. ‘मला सहा तास पुरतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा वाचावं असं मला मनापासून वाटतं. जे मोजायचं आहे ते मोजणारं डोकंच थकलेलं असतं.

कामाच्या तासांबद्दल जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली मिळून आकडे मांडले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. हे वाचून कुणी उद्या राजीनामा देणार नाही, देऊही नये. पण पगाराची स्लिप बघताना ही बाजूही हिशोबात धरायला हवी.

म्हणजे पैशाने सुख मिळत नाही हेच खरं?

नाही. हे वाक्य मला आवडत नाही, कारण ते बहुधा ज्याचं पोट भरलेलं आहे तोच ऐकवतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांचा २०१० चा अभ्यास खूप गाजला. वर्षाला साधारण ७५,००० डॉलर उत्पन्नाच्या पुढे रोजच्या जगण्यातला आनंद वाढत नाही, असं त्यात दिसलं होतं. आयुष्याकडे एकंदरीत बघून लोक जे समाधान सांगतात ते मात्र त्यापुढेही वाढतच होतं; हे अर्धं वाक्य सांगताना नेहमी गळतं. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना वेगळंच दिसलं: आनंदही वाढत राहतो. मग कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ साली सांगितलं की बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नासोबत आनंद वाढतो. जे मुळातच फार दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत मात्र एका टप्प्यानंतर पैसा कामी येत नाही. काळीज पोखरणारं दुःख असेल तर पगारवाढ त्यावर औषध नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

एक मात्र नक्की की ही वाढ हळू असते. उत्पन्न दुप्पट झालं म्हणून सुख दुप्पट होत नाही. त्यासाठी जे द्यावं लागतं ते मात्र कधी कधी दुपटीहून जास्त असतं.

मोठ्या घरासाठी लांब राहायला जावं का?

रोजचा प्रवास धरून विचार करा. अलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीतली माहिती तपासून २००८ साली दाखवलं की लांबून ये-जा करणारे लोक आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. घर किंवा पगार त्याची भरपाई करत नाही. जास्तीच्या खोलीची महिन्याभरात सवय होते. गर्दीची होत नाही.

हवं ते मिळालं की आनंद टिकतो तरी का?

जितका वाटतो तितका टिकत नाही. १९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांशी बोलून बघितलं. सर्वसाधारण माणसांपेक्षा ते फारसे जास्त सुखी नव्हते, उलट रोजच्या बारीकसारीक गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. अभ्यास छोटा होता, त्यावर इमले रचू नयेत. पण आपल्याला पुढे किती आणि किती दिवस आनंद वाटेल याचा अंदाज माणसं सतत चढा बांधतात, हे डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांच्या कामातून पुन्हा पुन्हा समोर आलं आहे.

सगळ्याचीच सवय होते असं मात्र नाही. बेरोजगारी माणसाच्या समाधानावर जो ओरखडा काढते तो पुन्हा काम मिळाल्यावरही पूर्ण भरत नाही, असं अभ्यासांत दिसतं. म्हणून ‘होईल सवय’ हे वाक्य मिळवण्याच्या बाबतीत बरंचसं खरं, गमावण्याच्या बाबतीत जपून वापरावं.

नोकरी (किंवा नातं) सोडावी की नाही, काही केल्या ठरत नाही. काय करू?

या प्रश्नावर एक विलक्षण प्रयोग झालेला आहे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी एक वेबसाइट काढली. ज्यांचा निर्णय होत नव्हता त्यांनी तिथे नाणं उडवायचं: छापा पडला तर बदल करायचा, काटा पडला तर आहे तसं राहायचं. वीस हजारांवर नाणी उडवली गेली. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा, नोकरी किंवा नातं सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला होता ते जास्त सुखी निघाले.

यावरून ‘बिनधास्त सोडा’ असा निष्कर्ष काढू नका. नाणं उडवण्यापर्यंत आलेली माणसं आधीच कुंपणावर बसलेली होती. जो आपल्या जागी समाधानी आहे त्याला हा प्रयोग काहीच सांगत नाही. पण तुम्ही वर्षभर त्याच प्रश्नाभोवती फिरत असाल, तर सोडण्याची भीती तुम्हाला जेवढी दाखवते तेवढं बहुधा बिघडणार नाही. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला, त्यातही हेच सूत्र आहे: ताजा पश्चात्ताप केलेल्या गोष्टीचा असतो, जुना पश्चात्ताप न केलेल्या गोष्टीचा.

नात्यात मारहाण किंवा धाक असेल तर हा प्रश्न वेगळा आहे. तिथे सुखाचा हिशोब मांडत बसू नका. आधी सुरक्षित जागी जा, विश्वासाच्या माणसाला सांगा.

इतकी वर्षं घालवली, आता मागे कसं फिरू?

गेलेली वर्षं दोन्हीकडे गेलेलीच आहेत. पुढे चालत राहिलात तरी ती परत येणार नाहीत. हे समजायला सोपं आणि पचायला महाकठीण आहे. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांच्या १९८५ च्या प्रयोगात नाटकांच्या मोसमाचं तिकीट काही जणांना पूर्ण दरात, काहींना सवलतीत मिळालं. पूर्ण पैसे भरलेल्यांनी मोसमाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकं बघितली. नाटकं तीच होती, ओढत नेत होते ते खर्च झालेले पैसे. तिकिटाचं हे, तर दहा वर्षांच्या नोकरीचं किंवा वीस वर्षांच्या व्यवसायाचं काय होत असेल!

स्वतःला एवढंच विचारा: आज पहिल्यांदाच हे काम समोर आलं असतं, तर घेतलं असतं का?

मी सगळ्यांसाठी मन मारलं, पण कुणाला त्याची जाणीवच नाही. का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो, आणि विचारणाऱ्या बहुतांशी बायका असतात. शिक्षण सोडलेलं असतं, गाव सोडलेलं असतं, बढती नाकारलेली असते. आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर मुलगा सहज म्हणतो, ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ तो उद्धटपणाने म्हणत नाही, त्याला खरंच माहीत नसतं. कारण त्याला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. जो त्याग बोलून दाखवायचा नाही असं आपल्याला शिकवलं जातं, तो समोरच्याला दिसणार तरी कसा?

एमिली इम्पेट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली जोडप्यांमधल्या रोजच्या लहान-मोठ्या त्यागांचा अभ्यास केला. एकच गोष्ट दोन कारणांनी सोडता येते: समोरच्याला आनंद व्हावा म्हणून, किंवा भांडण होऊ नये म्हणून. पहिल्या कारणाने सोडलं त्या दिवशी माणसं जास्त आनंदी होती. दुसऱ्या कारणाने सोडलं त्या दिवशी मन खट्टू आणि नात्यात कुरबूर जास्त. बाहेरून दोन्ही त्याग हुबेहूब एकसारखे दिसतात. फरक तुम्हालाच माहीत असतो.

म्हणून माझा सल्ला असा. पुढच्या वेळी ‘राहू दे, मी करते’ हे शब्द ओठावर येतील तेव्हा क्षणभर थांबून बघा की ते प्रेमाने येताहेत की वादाला कंटाळून. वादाला कंटाळून येत असतील तर वाद घाला. खरंच घाला. तो आजच्या आज संपेल. गिळलेला वाद वीस वर्षांनी मुलांवर निघतो.

आणि जे होऊन गेलं त्याबद्दल? सांगा. हिशोब मागण्यासाठी नव्हे, माहीत असावं म्हणून. ‘तेव्हा मला नोकरी करायची होती, मी सोडली, मला त्याचं अजून वाईट वाटतं.’ एवढी दोन-तीन वाक्यं पुरतात. ती ऐकून समोरचा काय म्हणेल हे तुमच्या हातात नाही, पण ती न बोलता मनात ठेवणं हाही एक त्यागच आहे आणि तो करायची आता गरज नाही.

माझ्या स्वप्नाची किंमत घरच्यांनी मोजावी का?

थोडीफार मोजतातच, कुणीच एकटं जगत नाही. प्रश्न त्यांना विचारलं होतं का हा आहे.

माणूस शिकायला किंवा कामासाठी दूर देशी जातो. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. आईने फोन नीट धरलेला नसतो, पडद्यावर तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसत राहतो. ‘सगळं ठीक आहे, तू जेवलास ना?’ गुडघ्याचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात बोलण्याच्या ओघात कळतं, तेही शेजारच्या काकूंचा विषय निघाला म्हणून. तिने तक्रार केलेली नाही, उलट ‘जा’ असं तिनेच म्हटलं होतं. पण ‘जा’ म्हणताना तिने दोन वर्षांचा विचार केला होता. आता नववं चालू आहे.

दूर जाणाऱ्याला मी दोषी धरत नाही. स्वप्नं बघायलाच हवीत, आणि घरात अडकून कुढणारा मुलगा आईलाही नको असतो. पण एकदा विचारलं म्हणजे कायमचं विचारलं असं होत नाही. दर वर्षी-दोन वर्षांनी हा विषय पुन्हा काढावा लागतो: अजून जमतंय का? काय जड जातंय? काय बदलू या? जोडीदाराशी हे बोलणं तर त्याहून निकडीचं. एकाच्या करिअरसाठी दुसऱ्याने थांबायचं ठरलं असेल, तर पुढची पाळी कुणाची आणि कधी, हेही ठरलेलं असावं. तोंडी ‘बघू पुढे’ म्हणजे पाळी येणार नाही असंच समजा.

लहान मुलांना विचारताच येत नाही, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्त जपावं. त्यांचं वय तुमच्या प्रमोशनसाठी थांबत नाही.

सुखाच्या मागे लागलं की सुख पळतं, असं म्हणतात. ते कितपत खरं?

बरंच खरं. आयरिस माउस आणि सहकाऱ्यांना २०११ साली असं आढळलं की जे सुखाला फार महत्त्व देतात ते चांगल्या प्रसंगातही कमी आनंदी असतात, कारण ‘याहून जास्त आनंद व्हायला हवा होता’ ही रुखरुख त्यांना लागते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनीही एकोणिसाव्या शतकात हेच मांडलं होतं की सुख दुसऱ्या कशाच्या तरी नादात असताना, वाटेत भेटतं. सहलीतल्या प्रत्येक ठिकाणी ‘मजा येतेय ना?’ असं विचारणाऱ्या माणसाची सहल आठवून बघा.

पण मग सुखासाठी माणूस खरंच सगळं द्यायला तयार असतो का?

नसतो, आणि हे मला फार आश्वासक वाटतं. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ साली एक कल्पना मांडली: एक यंत्र आहे, त्याला जोडून घेतलं की तुम्हाला हवे ते सगळे सुखाचे अनुभव मिळतील, आणि ते खोटे आहेत हे कळणारही नाही. जोडून घ्याल? बरेच जण नाही म्हणतात. पुढे काही संशोधकांनी प्रश्न उलटा करून विचारला: तुम्ही आधीपासूनच यंत्रात आहात, बाहेर याल? तेव्हा आहे तिथेच राहू असं म्हणणारेही बरेच निघाले. म्हणजे त्या नकारात खऱ्याची ओढ आहे, तशी सवयीची पकडही आहे.

तरी एवढं उरतंच की माणसं सत्यासाठी, मुलांसाठी, कामासाठी सुख बाजूला ठेवतात. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासात सुखी आयुष्य आणि अर्थपूर्ण आयुष्य यांत बरंच साम्य असलं तरी एक फरक ठळक होता: अर्थपूर्ण आयुष्यात काळजी, ताण जास्त असतो आणि देणंही जास्त असतं. आजारी वडिलांपाशी रात्र जागवणाऱ्याला तुम्ही सुखी आहात का विचारलं तर तो वैतागेल. तिथून उठून घरी जाऊन झोपा म्हटलं तरी तो जाणार नाही.

मला कशातच आनंद वाटत नाही. माझं काही सोडायचं चुकतंय का?

कदाचित यात सोडण्या-धरण्याचा काही संबंधच नसेल. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास राहणं, आवडत्या गोष्टी नकोशा होणं, झोप किंवा भूक बिघडणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. ते आजारपण आहे, त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच भेटा, एकटे राहू नका. आणि त्या काळात नोकरी, घर, नातं यांबद्दल मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकला.

कधीच सोडू नये असं काही आहे का?

माझ्या मते माणसं. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेला आणि अजूनही चालू असलेला एक अभ्यास आहे. त्यात ७०० हून अधिक पुरुषांचं आयुष्य तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत बघितलं गेलं, पुढे त्यांच्या कुटुंबांचंही. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते तेच ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले. तब्येत चांगली राहावी म्हणून कुणी नातं जपत नाही आणि त्यासाठी जपूही नये. पण ‘आधी सगळं मिळवू, मग माणसांकडे बघू’ हा क्रम लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की नंतर बघायला माणसं तिथे असतीलच असं नाही.

सोडून दिलेलं परत मिळतं का?

काही मिळतं. झोप परत लावता येते, थोडे आठवडे जातात. छंद परत येतात, फक्त सुरुवातीला बोटं वळत नाहीत. मुलाचं पाचवं वर्ष परत येत नाही.

मैत्रीचं मात्र लोक उगाच गेली म्हणून सोडून देतात. ‘इतक्या दिवसांनी फोन केला तर त्याला काय वाटेल?’ यावरही अभ्यास झालेला आहे. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की आपण आठवण काढल्याचं समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज लोक कमीच करतात. फोन किंवा मेसेज जितका अनपेक्षित, तितकं त्याला जास्त बरं वाटतं. तेव्हा माफीचं भाषण जुळवत बसू नका. ‘तुझी आठवण आली, कसा आहेस?’ एवढं लिहा आणि पाठवून द्या.